श्रम म्हणजे व्यायाम नव्हे

बाजारपेठेच्या मागील गल्लीतील एका जुन्या तालमीच्या दुरुस्तीसाठी सध्या वर्गणी गोळा करण्याचे काम चालू आहे. छप्पर गळते, आखाड्यातील माती कित्येक वर्षांत बदललेली नाही, आणि मल्लखांब तर भिंतीशी आडवा पडून आहे. यादी घेऊन जी मंडळी पेढ्यापेढ्यांतून हिंडत आहेत त्यांत आम्हीही दोन दिवस होतो. यादीच्या मथळ्यात असे एक वाक्य आहे की, तालमीचा एक वर्ग बाजारातील हमाल, तोलणार, हातगाडीवाले व दुकानांतील नोकर यांच्याकरिता राखून ठेवला जाईल. या वाक्यावर एका सुस्वभावी व दानशूर आडतदारांचे बोट थांबले. ते म्हणाले, "वकीलसाहेब, मुलांसाठी तालीम काढा, सांगाल ती रक्कम मांडतो, पण हमालाला कसली तालीम? तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत व्यायामच करतो, आणि वर आम्ही त्याला त्याबद्दल मजुरी देतो!" पेढीवरील मंडळी हसली. दाराशी पोत्यांच्या थप्पीला पाठ टेकून बसलेला एक हमालही हसला. थोड्या वेळाने गाडी लागल्याची हाक आली तेव्हा तो उठला. उठताना त्याने एक हात गुडघ्यावर आणि दुसरा कमरेवर ठेवला, हे आम्ही पाहिले.

आडतदारांचा प्रश्न थट्टेचा होता, परंतु त्यामागील समजूत थट्टेवारी सोडून देण्याजोगी नाही. ती एकट्या त्यांची नाही. चांगले शिकलेले लोकही असेच मानतात की, व्यायाम ही बैठे काम करणारांची गरज होय, आणि ज्याचे पोटच अंगमेहनतीवर चालते त्याला ती देवाने आपोआप दिलेली आहे. याच समजुतीची दुसरी बाजू अशी की, कष्टकऱ्याची कंबर धरली म्हणजे ती फार हालचालीने धरली, तेव्हा त्याने अंथरुणावर पडून राहावे. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि त्या चुकीची किंमत आपण नव्हे तर दुसरेच लोक देत आहेत, म्हणूनच त्या इतकी वर्षे निवांतपणे टिकल्या आहेत, असे आम्हांस वाटते.

दुखणे लहान आहे काय? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक रोगभाराच्या अहवालाप्रमाणे २०२० साली जगातील ६१ कोटी ९० लाख माणसे कंबरदुखीने ग्रस्त होती, आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. माणसाला मारीत नाहीत पण निकामी करून बसवितात अशा दुखण्यांत कंबरदुखीचा क्रम पहिला लागतो. मरणाची नोंद होते, पटकीची नोंद होते. पण चाळिशीतच ओझे पेलवेनासे झालेला हमाल गावी परत गेला तर त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. पेढीवर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस उभा असतो, एवढेच.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. पोते उचलणे आणि जोर काढणे यांत फरक काय? दोन्हींत घाम येतो, दम लागतो, स्नायू ताणले जातात. वरून पाहता सारखेच. परंतु शरीराच्या दृष्टीने या दोन क्रिया फार भिन्न आहेत. कमरेत पाच मणके असतात व त्यांच्यामध्ये कूर्चेच्या चकत्या असतात. प्रौढ माणसाच्या या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. भोवतालच्या हाडांतून झिरपून येईल तेवढ्याच अन्नावर त्या जगतात. अंगावर दाब येणे आणि तो सुटणे, वाकणे आणि पुन्हा सरळ होणे, अशा बदलत्या हालचालींनी या देवघेवीस मदत होते. दाब सुटलाच नाही तर ती खुंटते. स्नायूंचेही तसेच. ओझे उचलताना स्नायू बळकट होत नाही, तो थकतो. नंतरच्या विश्रांतीत तो स्वतःची डागडुजी करतो व पूर्वीपेक्षा काकणभर अधिक बळकट होऊन उठतो. जो पहिलवान रोज मेहनत करतो तो तितक्याच नेमाने खुराक आणि झोप घेतो. त्याचे वस्ताद त्याला कधी थांबवावयाचे हे जाणून असतात.

हमालाला थांबविणारा वस्ताद कोण? ट्रक. तो रिकामा झाला म्हणजे थांबावयाचे, आधी नाही. ओझे किती घ्यावे हे तो ठरवीत नाही, बारदानावरील आकडा ठरवितो. वेग त्याच्या छातीच्या हाती नाही, तो वाराईच्या हिशेबाच्या हाती आहे. एकाच बाजूला वळून, एकाच खांद्यावर, एकाच फळीवरून तो शेकडो वेळा चढतो आणि उतरतो. पन्नास किलोंची शंभर पोती धरली तरी दिवसाकाठी पाच हजार किलो त्याच्या पाठीवरून जातात. व्यापाऱ्यांच्या भाषेत बोलावयाचे तर ही रोजची उचल आहे. जमेच्या बाजूस काही पडण्यापूर्वीच दिवस संपतो. तालमीत ज्या अर्ध्या तासात माणूस आपल्या इच्छेने, आपल्या बेताने, सर्व अंगांनी हालचाल करतो आणि दमला की मातीवर बसतो, तो अर्धा तास जमेचा असतो. आमचे मित्र ज्याला "मजुरी घेऊन केलेला व्यायाम" म्हणतात त्यात व्यायामाचे हे एकही लक्षण नाही.

हा केवळ आमचा तर्क आहे असे कोणी म्हणू नये. डेन्मार्कच्या राजधानीत एक लाख चार हजारांवर स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षे पाहणी करून २०२१ साली असे प्रसिद्ध झाले की, फुरसतीच्या वेळी जे अंग हालवितात त्यांच्या हृदयास आराम पडतो, आणि कामावर ज्यांना फार अंगमेहनत करावी लागते त्यांच्या हृदयविकाराचा धोका उलट वाढतो. अत्यंत कष्टाचे काम करणारांत तो बैठ्या कामाच्या मानाने सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक आढळला. शिक्षण, उत्पन्न, तंबाखू इत्यादी गोष्टींचा हिशेब वजा घालूनही हा फरक उरला. तेव्हा अंगमेहनत ती अंगमेहनत, मग ती पेढीवर होवो की आखाड्यात, हे म्हणणे हृदयापुरते तरी मोडीत निघाले आहे.

पाठीचा निकाल मात्र आम्ही वकिली सावधपणाने सांगू इच्छितो, कारण अशा विषयांत अतिशयोक्ती करणारे मित्रच पुढे घात करतात. २०१७ साली ३६ दीर्घकालीन पाहण्या एकत्र तपासून असे आढळले की, फुरसतीत नियमित व्यायाम करणारांत वारंवार होणाऱ्या किंवा जुनाट कंबरदुखीचा धोका ११ ते १६ टक्क्यांनी कमी असतो, आणि जोरकस व्यायाम करणारे या मर्यादेच्या वरच्या टोकाला असतात. चार दिवसांच्या साध्या कंबरदुखीवर मात्र त्याचा परिणाम दिसला नाही. २०१६ साली दुसऱ्या एका परीक्षणात तीस हजारांवर माणसांवरील २१ प्रयोग तपासले गेले. त्यांत व्यायामाने कंबरदुखीचा नवा झटका येण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, आणि व्यायामाबरोबर पाठीची निगा कशी राखावी याचे शिक्षण दिल्यास ४५ टक्क्यांनी कमी झाला. तोही साधारण वर्षभर, पुढचा भरवसा कमी. म्हणजे व्यायाम सोडला की फायदाही जातो. याच परीक्षणात कमरेचे पट्टे निरुपयोगी ठरले. आमच्या बाजारात एक मोठा व्यापारी दर दिवाळीस आपल्या हमालांना कमरेचे पट्टे वाटतो व त्याचे फोटो छापून आणतो. त्याच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. पैसे मात्र चुकीच्या खात्यावर पडत आहेत.

अंथरुणावर पडून राहण्याविषयीही असाच पुरावा आहे. फिनलंडमधील हेल्सिंकी शहराच्या नगरसंस्थेतील नोकरांवर झालेला प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. कंबर नुकतीच धरलेल्या नोकरांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणावर निजविले, काहींना पाठीचे व्यायाम दिले, आणि काहींना सोसेल तेवढी नेहमीची हालचाल चालू ठेवण्यास सांगितले. सर्वांत लवकर बरे झाले ते हे शेवटचे. सर्वांत उशिरा बरे झाले ते निजलेले. यातून दोन गोष्टी निघतात. दुखणे ताजे असताना जोर-बैठका काढण्याचा हट्ट धरू नये, आणि पाठ दुखते म्हणून तिला गाठोड्यासारखी बांधूनही ठेवू नये. व्यायामाची वेळ दुखणे ओसरल्यावरची, आणि त्याहून उत्तम म्हणजे ते येण्यापूर्वीची.

येथे कोणी चतुर गृहस्थ म्हणेल, "बरे झाले! हमालाला तालमीत घाला, त्याची पाठ लोखंडाची होईल, मग पोते शंभर किलोंचे केले तरी हरकत नाही." हा युक्तिवाद आम्ही आधीच खोडून ठेवतो. व्यायाम हा ओझ्याचा परवाना नव्हे. वर दिलेले आकडे कोणत्याही पाठीला अमर्याद करीत नाहीत. शंभर किलोंचे पोते ही काही कल्पनेतील गोष्ट नाही. एके काळी धान्याच्या बाजारात तोच रिवाज होता. पोते पन्नास किलोंचे व्हावे म्हणून डॉ. बाबा आढाव यांनी व पुण्याच्या हमाल पंचायतीने वर्षानुवर्षे झगडा केला, तेव्हा अनेक शहाण्या माणसांनी व्यापार बुडण्याचे भाकीत केले होते. व्यापार बुडाला नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली ओझ्याच्या मर्यादेविषयीचा करार केला व त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची सीमा सुचविली. भारताने त्या करारास मान्यता दिली ती २०१० साली. त्रेचाळीस वर्षे ही काही घाई म्हणता येणार नाही.

कायद्याची गोष्ट निघाली म्हणून आमच्या धंद्याचे दोन शब्द. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने अपघात झालेल्या कामगारास भरपाई दिली, आणि व्यवसायातून जडणाऱ्या रोगांची एक यादीही जोडली. ती यादी पुढे वाढत गेली. तींत शिसे आले, पारा आला, इतर विषे आली. ओझ्याने झिजलेली पाठ आली नाही. याचे कारण आम्ही न्यायालयात अनेकदा अनुभवले आहे. फळीवरून पाय घसरून हमाल पडला तर त्याला तारीख असते, वेळ असते, साक्षीदार असतात. पाठ मात्र वीस वर्षे जात असते. ती अमुक दिवशी, अमुक धन्याकडे गेली असे कोणता पंच सांगणार? ज्या हानीला तारीख नाही ती कायद्याच्या डोळ्यांस दिसत नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी व हमाल कामगारांचा कायदा झाला. एका धन्याचा नसलेला हमाल त्याने मंडळाच्या नोंदीत आणला, ही त्याची थोरवी. पण नोंदलेल्या हमालालाही पाठ एकच असते.

म्हणून आम्ही ज्या गोष्टीवर सर्वांत अधिक जोर देतो ती व्यायाम नव्हे, फुरसत होय. फुरसत नसेल तर फुरसतीचा व्यायाम कोठून येणार? मुंबईच्या गिरण्यांत मजुरांना साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी तिच्यासाठी सभा भरविल्या, अर्ज केले, आपल्या 'दीनबंधु' पत्रातून लिहिले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण सर्वजण, पेढीवाले व वकीलसुद्धा, जो रविवार उपभोगतो त्यावर त्या मजुरांचे ऋण आहे. त्या रविवाराने आणि पुढे कमी झालेल्या तासांनी गिरणगावात काय घडले? चाळीचाळींत व्यायामशाळा निघाल्या, हुतुतूचे संघ उभे राहिले, साच्यांवर उभा राहून आलेला माणूस संध्याकाळी मैदानात उतरला. कोणी त्याला म्हटले नाही की, "तू तर दिवसभर यंत्रावर व्यायाम करून आलास." त्याला ठाऊक होते की, दिवसभर वापरले ते अंग मालकाचे होते आणि संध्याकाळचे अंग त्याचे स्वतःचे.

आता काळ उलट्या दिशेने सरकू पाहतो आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसास नऊ व आठवड्यास अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे तास नऊवरून बारापर्यंत, आणि दुकानांत नऊवरून दहापर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत, असे त्याचे समर्थन केले जाते. अंकगणित म्हणून ते बरोबर आहे. परंतु पाठीचे अंकगणित वेगळे आहे. बारा तास उभे राहून, त्यात येण्याजाण्याचे दोन-तीन तास मिळवून जो घरी पोचतो, त्याच्या त्या दिवसात आखाडा बसत नाही, मैदान बसत नाही, नीटशी झोपही बसत नाही. उद्योग वाढावेत, देश सधन व्हावा, ही आमची इच्छा कोणाहून कमी नाही. पण राष्ट्राची संपत्ती गोदामात मोजावयाची आणि ती पाठीवर वाहून नेणारे राष्ट्र मोजावयाचेच नाही, हे राष्ट्रकारण आम्हांस समजत नाही.

स्त्रियांविषयी लिहिताना आम्हांस संकोच होतो, तो विषयामुळे नव्हे, आपल्या सर्वांच्या वर्तनामुळे. बांधकामावर डोक्यावर घमेले वाहणारी, मिरचीच्या व धान्याच्या गोदामात वाकून निवड करणारी, चार घरची धुणीभांडी उरकणारी बाई संध्याकाळी घरी जाते ती दुसऱ्या पाळीवर जाते. तिची फुरसत कोणत्याही कायद्याने मोजलेली नाही. फुगडी आणि झिम्मा हे काही नाजूक खेळ नव्हेत. चांगल्या जवान माणसाला दम लागेल इतका जोर त्यांत आहे. पण ते सणापुरते राहिले, आणि कष्टकरी बाईच्या वाट्याला सणही पुरणाच्या पाट्यावरच येतो. ज्या तालमीच्या यादीविषयी आम्ही लिहीत आहो तिच्यात स्त्रियांचा वर्ग नाही. तो का नाही असे आम्ही विचारले, तेव्हा मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. हा प्रश्न आम्ही तेथे सोडलेला नाही.

आणि गादीवर बसणारांचे काय? ज्यांना वाटते की कंबरदुखी हा हमालांचा रोग आहे, त्यांनी आपल्या मुनीमजींना विचारावे. वहीवर किंवा संगणकापुढे आठ-दहा तास ओणवे बसणारांची कंबरही धरते, आणि ज्यांनी वर्षात दोनदा पालखीच्या दर्शनाखेरीज पाय हालविलेले नाहीत अशा शेटजींची त्याहून अधिक. त्यांना आम्ही एवढेच सांगतो की, तालमीचे दार दोघांनाही सारखेच रुंद आहे. हमाल आणि आडतदार एका मातीत उतरले तर माती बाटत नाही.

किती व्यायाम पुरे, असे विचारणारांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली माप दिले आहे. प्रौढ माणसाने आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा, आणि निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारी मेहनत घ्यावी. जोरकस म्हणजे कोणता, याची परीक्षा सोपी आहे: करताना दम न घेता थोड्या शब्दांपेक्षा अधिक बोलता येऊ नये. चपळाईने घातलेले सूर्यनमस्कार, लेझीम, हुतुतू, पोहणे, धावणे, यांपैकी ज्यात मन रमेल ते. जो दिवसभर ओझी वाहतो त्याने ताकदीच्या मेहनतीपेक्षा दम वाढविणाऱ्या, अंग मोकळे करणाऱ्या व सर्व बाजूंनी वळविणाऱ्या खेळांस अधिक वेळ द्यावा, आणि पहिल्याच दिवशी शंभर जोर काढण्याची पैज लावू नये. पायाला बधिरपणा किंवा दुर्बलता आली, लघवी-शौचावरील ताबा सुटला, ताप वा वजन घटण्यासह पाठ दुखू लागली, किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले, तर तालीम नव्हे, डॉक्टर. आणि तेही त्याच दिवशी.

पंचाहत्तर मिनिटे म्हणजे आठवड्यातून तीन वेळा पंचवीस मिनिटे. आठवड्यात दहा हजार ऐंशी मिनिटे असतात. त्यांतील पंचाहत्तर, हात-पाय धुऊन माणसाप्रमाणे घरी जाण्याइतका उजेड शिल्लक असताना, बाजाराला सोडता येत नाहीत काय? हाच प्रश्न आम्ही दुसऱ्या दिवशी त्या आडतदारांपुढे ठेवला. सुदैवाने ते वाद घालणारे असले तरी हट्टी नाहीत. त्यांनी बराच वेळ हिशेब केला आणि तालमीच्या यादीवर भरघोस रक्कम मांडली. वेळेविषयी मात्र म्हणाले, "इतर पेढ्या सोडतील तर मीही सोडीन."

त्या संध्याकाळी आम्ही यादीत रकमेच्या शेजारी एक नवा रकाना आखविला. त्यात प्रत्येक पेढीने आपल्या माणसांना कोणत्या तीन दिवशी किती वाजता मोकळे करणार हे लिहावयाचे आहे. हे करताना आमच्याच छापखान्याची आठवण होऊन आम्ही खजील झालो. कागदाची रिमे उचलणारी आमची दोन माणसे गेली सात वर्षे रात्री नवानंतर घरी जात आहेत, आणि त्यांपैकी एकाच्या कमरेला वर्षभर पट्टा आहे, तो आम्हीच दिलेला. सोमवार, बुधवार व शुक्रवारी त्यांना सहा वाजता सोडण्याचे आम्ही ठरविले व तसे लिहिले. आज सकाळपर्यंत रकमेच्या रकान्यात एकवीस पेढ्यांची नावे आली आहेत. वेळेच्या रकान्यात आमच्या छापखान्याशिवाय एका किराणा दुकानाचे नाव आहे. यादी या आठवड्याच्या अखेरपर्यंत तालमीच्या दारातील टेबलावर ठेवलेली राहील.